ब्युरेट गळत नव्हती

दत्तू, तुझं तेरावं होऊन आज पाच दिवस झाले. मी कामावर जातो, परत येतो, जेवतो. झोपसुद्धा लागते, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. फक्त सगळ्याचा शीण येतो. प्रयोगशाळेच्या चार पायऱ्या चढताना मध्येच थांबावंसं वाटतं. पंचविशीतल्या माणसानं चार पायऱ्यांत थांबू नये, पण मी थांबतो.

लोक भेटतात, म्हणतात, दत्तोबा म्हणजे देवमाणूस. असशील, मी कशाला नाही म्हणू. पण तू महाहट्टी होतास, वादात कधी हार मानायचा नाहीस, माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायचास आणि वर मीठ कमी आहे म्हणायचास, हे कोणीच बोलत नाही. माणूस गेला की लगेच त्याला इस्त्री करून ठेवतात. तो इस्त्री केलेला दत्तू माझ्या ओळखीचा नाही. मला तूच हवा आहेस, कारण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सात वर्षं राहिली आहे. परवा ती मी तात्यांना, तुझ्या वडलांना, सांगून बसलो. त्यावर ते काय म्हणाले ते तुला कळायला हवं. पण आधी सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

तू थेरगावचा, मी नदीच्या अलीकडचा, चिंचवडचा. पुण्याच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला आपण दोघं एका टेबलावर आलो. सरांनी टायट्रेशन शिकवायला घेतलं आणि नेमकी त्याच आठवड्यात पवना फुगली. नदी ओलांडायचा तुमच्याकडचा उतार बंद, होडीवाला होडी काढायला तयार नाही. तू आठ-नऊ दिवस घरी अडकलास. तेवढ्या दिवसांत सरांनी सगळा पाया सांगून टाकला. पिपेट कशी धरायची, ब्युरेट कशी वाचायची, कोणतं भांडं कशानं धुवायचं. पाणी उतरल्यावर तू आलास तो थेट चिंचवड स्टेशनावर, विजारीचे पाय चिखलानं भरलेले, आणि गाडी सुटल्यासुटल्या माझ्या मागे लागलास.

"आधी सांग, ह्ये टायट्रेशन म्हंजी हाय काय?"

मी सांगितलं, बाटलीत ॲसिड असतं, त्याची ताकद आपल्याला माहीत नसते. कॉस्टिक सोड्याची माहीत असते. दहा सी.सी. ॲसिड पिपेटनं मोजून काचेच्या चंबूत घ्यायचं, त्यात फेनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे. वरून ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या नळीतून, सोडा सोडत राहायचं. दोघांची बरोबरी झाली की चंबूतलं पाणी गुलाबी होतं. किती सोडा लागला ते वाचलं की झालं.

तू खिडकीबाहेर बघितलंस. मग म्हणालास, "म्हंजी तराजूच की राव. फकस्त काट्याच्या जागी रंग हाय."

मला आठ दिवसांत जे नीट उमगलं नव्हतं ते तुला दापोडी यायच्या आत उमगलं. मला त्याचा राग आला होता, हे तुला कधी बोललो नाही. कदाचित म्हणूनच पुढचं वाक्य मी जरा गुरुजींच्या थाटात बोललो. भांडी कशानं धुवायची, असं तू विचारलंस. मी म्हणालो, "सोपं आहे. ज्या भांड्यात जे घालायचं, त्यानंच ते आधी विसळायचं."

सरांनी तीन भांड्यांचे तीन नियम दिले होते. मी त्यांचा एक केला, आणि माझ्यावरच खूश झालो. ब्युरेटला तो लागू आहे, पिपेटलाही. आत पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं, म्हणून ती ज्या-त्या द्रावणानं विसळायची. पण चंबू नुसत्या पाण्यानं धुवायचा. ॲसिडनं विसळला तर काचेला चिकटलेलं ॲसिड मोजून घातलेल्या दहा सी.सी.च्या वर पडतं, आणि सोडा जास्त लागतो. हे मला माहीत होतं. माझे हात चंबू पाण्यानंच धुवायचे. तोंडानं मात्र तुला चुकीचं शिकवलं, आणि वहीच्या पहिल्या पानावर तू ते वाक्य उतरवून घेतलंस.

वर्षभर ती चूक उघडी पडली नाही. कशी पडणार? कामं वाटलेली होती. धुणं आणि पिपेट माझ्याकडे, ब्युरेट तुझ्याकडे. तुझी नजर बारीक. उंच असल्यामुळे तू गुडघे वाकवून डोळा बरोबर द्रावणाच्या पातळीला आणायचास, मागे पांढरा कागद धरायचास आणि मग आकडा सांगायचास. शेवटी शेवटी तर अर्धा थेंब तोंडाशी अडकवून तो चंबूच्या काठाला पुसून घ्यायचास. रंग इतका फिका आणायचास की सर म्हणायचे, आहे का रे गुलाबी, की तुझं मन गुलाबी आहे?

भांडणं मात्र रोज. पिपेटच्या टोकाला उरलेल्या थेंबावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, तो फुंकायचा नाही, टोक नुसतं काचेला टेकवायचं, तो थेंब पिपेट बनवणाऱ्यानं आधीच सोडून दिलेला असतो. तुला ते पटायचं नाही. "आमच्याकडं दुधाचं माप असं अर्धवट उपडं केलं तर गिऱ्हाईक बोंबलंल," म्हणायचास. शेवटी मला फुंक म्हणायचं सोडलंस, पण प्रत्येक वेळी त्या थेंबाकडे असा बघायचास की जणू मी कोणाला तरी फसवतोय.

दुसरं भांडण जर्नलचं. तीन वेळा टायट्रेशन करायचं आणि तिन्ही आकडे जुळायला हवेत. वर्गातला एकूण एक जण तिसरा आकडा टेबलावर न करताच वहीत करायचा. मीही. तू म्हणायचास, "जे दिसलं न्हाई ते लिवायचं कसं?" मी म्हणायचो, सगळे लिहितात. तू म्हणायचास, "मंग सगळ्यांचं टायट्रेशन कशापायी? एकाचं करा आन् वाटून घ्या." तुझ्या जर्नलमध्ये १०·२, १०·४, १०·३ असलं काहीतरी असायचं आणि माझ्या जर्नलमध्ये तिन्ही ओळी सारख्या. मला मार्क जास्त मिळायचे. हा वाद आपण संपवला नाही. आता तो माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलाय, आणि एकट्याला भांडता येत नाही.

आता परीक्षेचा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाला आपापलं टेबल, सगळं काम एकट्यानं. तू माझ्यापुढच्या ओळीत, जरा तिरपा होतास. माझी पहिली दोन टायट्रेशनं उरकली आणि मी मान वर केली. तू चंबू हातात घेतला होतास. आधी पाण्यानं धुतलास, मग बाटलीतलं थोडं ॲसिड त्यात ओतलंस, गोल फिरवलंस आणि ओतून टाकलंस. किती मन लावून! गाडीतलं माझं वाक्य तू माझ्यासमोर करून दाखवत होतास.

मला तेव्हाच कळलं. तीन हातांवर परीक्षक उभे होते, बोललो असतो तर दोघांनाही बाहेर काढलं असतं. खोकलो असतो, हातातला चंबू मोठ्यानं पाण्याखाली धरला असता, तर तू वळून बघितलं असतंस का? काय की. मी खाली मान घालून तिसरं टायट्रेशन केलं. त्या गप्प बसण्याची मी स्वतःला माफी देऊ शकतो. परीक्षा होती, घाबरलो होतो, अठरा वर्षांचा होतो.

पुढचं माफ होत नाही. परतीच्या गाडीत आपण समोरासमोर बसलो. मग म्हणालास, "वश्या, धाच्या आसपास यायला पायजे हुतं. माझं अकराच्या वर गेलं, आन् तिन्ही येगळे. म्या तसंच लिवलं. कुठं चुकलं असंल?"

एक वाक्य बोलायचं होतं. मी तुला चुकीचं शिकवलं, एवढंच. पण तू मला गुरू मानत होतास आणि मला ते आवडत होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं कारण तेच, दुसरं नाही. मी म्हणालो, "तुझी ब्युरेट गळत असेल. खालच्या रबरी नळीचा चिमटा सैल असला की सोडा बाहेर ठिबकतो आणि आकडा वाढतो. तू आधी तपासली नाहीस का?"

तू कपाळावर हात मारून घेतलास. "न्हाई की राव! तपासलीच न्हाई!" आणि कासारवाडी जाईपर्यंत स्वतःला शिव्या देत बसलास.

तू रसायनाच्या प्रॅक्टिकलला नापास झालास. मी तात्यांना समजवायला थेरगावला आलो होतो. तुला पुन्हा बसू द्या, पोरगा हुशार आहे, असं सांगायला. तात्या गोठ्यापुढे उभे होते. तू त्यांना सगळं सांगून टाकलं होतंस, गळक्या ब्युरेटसकट. ते मला म्हणाले, "वसंता, भांडं गळतंय का न्हाई एवढं ज्याला बघता येत न्हाई, त्यानं शिकून काय दिवं लावायचं? गप औताला येऊ दे." तू त्यांच्या मागे उभा होतास, मान खाली घालून. त्यांनी दिलेला चहा मी प्यालो आणि घरी आलो.

चहा प्यालो, दत्तू. तो चहा मला अजून आठवतो, त्यात सुंठ होती.

पुढे माझी बी.एस्सी. झाली. आपल्याकडे कारखाने यायला लागले, शेतांत खांब आणि तारा आल्या. स्टेशनाजवळच्या एका लहानशा रसायनाच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो. दोन वर्षांनी शब्द टाकून तुलाही तिथं चिकटवलं. तेव्हा मला वाटलं, थोडी भरपाई झाली. भरपाई कसली डोंबलाची? तू माझ्याच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला आलास. चारचौघांत मला साहेब म्हणायचास आणि फाटकाबाहेर पडलो की वश्या. तुझं ते साहेब ऐकलं की मी समोरच्या वहीत उगीच काहीतरी लिहायला लागायचो. तू मात्र मजेत म्हणायचास, जणू नाटकातलं काम मिळालंय.

आणि मग तो नवा केमिस्ट आला, गेल्या दिवाळीच्या सुमारास. कोरा करकरीत बी.एस्सी. पहिल्याच दिवशी त्यानं चंबू ॲसिडनं विसळायला घेतला. तू मोरीपाशी होतास. हात पुसत पुढे झालास आणि म्हणालास, "साहेब, त्येला नुसतं पानी दाखवा. आत जे ऱ्हातं त्येबी मोजलं जातं. लई जणांचं हितंच चुकतं."

मी तुझ्या मागे उभा होतो, पाच पावलांवर. तू वळलास, मला बघितलंस आणि परत मोरीकडे गेलास. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. संध्याकाळी आपण बरोबर निघालो, तेव्हा मी वाट बघत होतो. आता काढेल, आता विचारेल. तू वाटभर कांद्याच्या रोपांविषयी बोलत राहिलास. नदीपाशी सायकलवर टांग टाकलीस आणि गेलास.

तुला कळलं होतं. कधी कळलं ते मला माहीत नाही, पण कळलं होतं. तुझ्याएवढ्या डोक्याच्या माणसानं चंबूचं कोडं सोडवावं आणि आपल्या परीक्षेशी त्याचा सांधा जुळवू नये, हे मी मानायला तयार नाही. आणि तरीही, संक्रांतीला कोणीतरी तुला विचारलं की कॉलेज का सोडलं, तेव्हा तू हसत म्हणालास, ब्युरेट गळत होती. मी तिथंच बसलो होतो. ते तू माझ्यासाठी म्हणालास का? की मला टोचावं म्हणून म्हणालास? मी तुला दोन्हींबद्दल काही विचारलं नाही. सात महिने होते माझ्याकडे. सात महिने मी रोज उद्यावर ढकललं.

मग कावीळ झाली. मी दवाखान्यात आलो, तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. मनाशी ठरवूनच आलो होतो की आज बोलायचं. खुर्ची ओढली, बसलो. तूच आधी बोललास, आवाज अगदी खोल गेलेला. "बघ वश्या, फेनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी आता गावायचा न्हाई. पिवळाधमक मिथिल ऑरेंज झालोय पार." मी हसलो. तूही हसलास, मग तुला ढास लागली, वहिनींनी पाणी पाजलं, आणि माझं राहून गेलं. त्या विनोदाचा मला राग येतो आणि त्या विनोदासाठी मी तुझा ऋणीही आहे. माझ्याकडे तुझं शेवटचं काही आहे तर तेवढंच.

परवा तात्यांकडे गेलो. सोप्यात एकटेच बसले होते. तू गेल्यापासून ते फार बोलत नाहीत, पण मला बघून तुझ्याबद्दल बोलायला लागले. लहानपणी कसा होतास, बैलांची नावं कशी ठेवायचास. मग म्हणाले, "डोकं हुतं त्येला. ती एक ब्युरेट तेवढी बघाया पायजे हुती."

त्यांच्या तोंडून ब्युरेट हा शब्द इतका साफ आला की मला राहवेना. मी सगळं सांगितलं. गाडीतलं वाक्य, परीक्षेत बघितलेलं, परतीच्या गाडीतलं खोटं. चंबू आणि पाणी यातला फरकसुद्धा समजावून सांगितला, मूर्खासारखा, समोरचा तांब्या हातात घेऊन. म्हणालो, "तात्या, ब्युरेट गळत नव्हती. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं मी सांगितलं तसं केलं."

मला वाटलं होतं, ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "दत्तूला ठावं हुतं?"

"होतं," मी म्हणालो. "मला वाटतं, होतं."

त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून बाजूला ठेवला. मग जे बोलले, ते मी तुला जसंच्या तसं सांगतो. "वसंता, म्या त्येला सात वर्सं तेच बोललो. मोट फाटली तरी म्हनायचो, ह्येला गळकं भांडं कळत न्हाई. दूध नासलं तरी तेच. औताचा खिळा निसटला तरी तेच. सून घरात आली तिच्यासमोर बी बोललो. त्यो एकदाबी उलटून बोलला न्हाई. मला वाटायचं, चूक कबूल हाय म्हनून गप ऱ्हातोय."

मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. ते पुढे म्हणाले, "तू आज बोलून मोकळा झालास. आता म्या कुनापाशी जाऊ?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तो अंगावर घेऊन उठलो असतो. माझ्या छातीवरचा धोंडा काढून मी एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर ठेवला होता, तोही अशा वेळी की तो खाली ठेवायला त्यांना जागा उरली नव्हती. तू गप्प का राहिलास ते मला तेव्हा थोडं समजलं, दत्तू. तू बोलला असतास तर मी उघडा पडलो असतो आणि तात्यांचे ते सगळे शब्द त्यांच्यावरच उलटले असते. आम्हा दोघांना वाचवून तू एकटा बोलणी खात राहिलास. किंवा असं काहीच नसेल, तुला नुसता कंटाळा आला असेल. तुझ्या बाबतीत मी पुन्हा आकडे जुळवत बसणार नाही.

निघताना तात्या दारापर्यंत आले. उंबऱ्यापाशी थांबले आणि हळूच विचारलं, "तू लिवतोस न्हवं त्येला काहीबाही?" मी घरी कागद घेऊन बसतो हे वहिनींना बोललो होतो, त्यांच्याकडून कळलं असावं. मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मला लिवता येत न्हाई." आणि आत गेले.

म्हणून हे त्यांच्याही वतीनं पुरं केलं. माझ्याच्यानं होत नव्हतं, तरी केलं. दत्तू, माझं चुकलं. आणि तात्या म्हणतात, त्यांचंही चुकलं.